खाडीकाठी लाकडी सेलिंग क्लबघर बांधताना

कोकणात खाडीच्या मुखाशी शिडाच्या होड्यांसाठी क्लबघर बांधायचे असेल, तर आराखड्याच्या आधी भरतीरेषा आखून घ्यावी. किनारी नियमन क्षेत्राचे अंतर तिच्यापासूनच मोजले जाते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार समुद्राकडेला हे क्षेत्र ५०० मीटर असते, तर खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढे. या पट्ट्यात काय बांधता येईल हे समजल्याशिवाय वास्तुरचनाकाराला कामाला लावू नये.

लाकूड भरतीच्या पाण्यात उभे करू नये. टेरेडो हा किड्यासारखा दिसणारा शिंपलावर्गीय प्राणी खांब आतून पोखरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पाण्याच्या कक्षेतले खांब काँक्रीटचे करावेत आणि उधाणाच्या सर्वोच्च पातळीवर लाटांच्या उसळीसाठी जागा सोडून मगच लाकडाला सुरुवात करावी. लाकडी खांबाचा पाय काँक्रीटवर थेट टेकवू नये. पोलादी बैठकीवर तो थोडा उचलून ठेवावा, म्हणजे लाकडाचा आडवा छेद पाणी शोषत बसणार नाही. माझ्या मते इमारतीचे निम्मे आयुष्य या एका तपशिलावर ठरते. सागाचा भाव देऊन खांबाचे बूड डबक्यात ठेवणारे लोक पाहिले, की नवल वाटते.

लाकडी इमारत हलकी असते, त्यामुळे किनाऱ्यावर ती खचण्यापेक्षा उडण्याची भीती अधिक. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणल्यास दर चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ११८ किलो भाराइतका दाब येतो. उंची आणि भूभागाचे गुणक त्यावर लावायचे असतात. रीफांसह (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) मंगलोरी कौलांचे वजन याच्या निम्म्याच्या आसपास भरते. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असली, की छपराला खालून रेटा आणि वरून ओढ असे दोन्ही एकदम लागतात. म्हणून कौल रीफेला, रीफ वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला अशी वर खेचणाऱ्या बळाची साखळी अखंड हवी. नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नये. आडव्या वाऱ्यासाठी कर्णात तिरके आधार द्यावेत. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात किती छपरे उचलली, हे आठवावे.

खारी हवा साध्या लोखंडाला टिकू देत नाही, त्यामुळे बोल्ट, पट्ट्या आणि खिळे ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

समुद्राकडे पूर्ण काचेची भिंत काढण्याचा मोह आवरावा; नैर्ऋत्येचा पाऊस तिथेच आडवा आदळतो. त्यापेक्षा खोल पडवी आणि शर्यतीच्या आरंभरेषेकडे रोखलेला वरचा सज्जा उपयोगी पडतो. तळाशी डोलकाठ्या उतरवलेल्या होड्या राहतील, आणि गोड्या पाण्याने धुताना निघालेले पाणी खांबांपासून दूर जाईल, असा उतार ठेवावा.

पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बोल्ट सैल पडतात. पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, प्रत्येक जोड पाना लावून आवळता यावा म्हणून बोल्टांची डोकी फळ्यांआड झाकू नयेत.