चेंडू गेला की पाच सेकंद: क्लॉपचं गेगेनप्रेसिंग संघाला कसं शिकवावं

फुटबॉल प्रशिक्षक यूर्गन क्लॉप खेळाडू म्हणून मोठा नव्हता. 1990 ते 2001 अशी अकरा वर्षं तो माइन्झ क्लबकडून जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला. आधी आघाडीला, मग उजव्या बचावात. त्याला घडवलं ते प्रशिक्षक वोल्फगांग फ्रांक यांनी. नव्वदीच्या मध्यात जर्मनीत माणसाला माणूस लावून बचाव करायची रीत होती. फ्रांकनी इटालियन प्रशिक्षक अरिगो साक्कींच्या मिलान संघाकडे बघून माइन्झमध्ये चौघांची क्षेत्रबचावाची रेषा आणली, म्हणजे प्रत्येकाने माणूस नव्हे, आपला भाग राखायचा. क्लॉपचं गेगेनप्रेसिंग, म्हणजे चेंडू गमावताच मागे न हटता तिथल्या तिथे दबाव टाकून तो परत मिळवणं, उभं आहे ते याच पायावर, म्हणून सराव पळण्यापासून नव्हे, उभं राहण्यापासून सुरू करा.

पहिली दहा मिनिटं विरोधी संघ नको. अकरा जणांना जागेवर उभं करा. पुढच्या खेळाडूपासून शेवटच्या बचावपटूपर्यंत 30 ते 35 मीटर, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत 8 ते 10 मीटर. तुम्ही चेंडू हातात घेऊन मैदानात चालत राहा आणि सगळा संघ एकत्र सरकतोय का ते बघा. कंटाळवाणं वाटेल, पण वगळू नका. अंतरं फाटलेली असतील तर चेंडू गेल्यावर जवळ पोचायला कुणी नसतंच.

आता मुख्य सराव. 15 बाय 15 मीटरचे दोन चौकोन शेजारी-शेजारी आखा. पाच लाल, पाच निळे. पहिल्या चौकोनात पाचही लाल चेंडू फिरवतात आणि दोन निळे तो हिसकावायला धावतात. उरलेले तीन निळे दुसऱ्या चौकोनात थांबतात. निळ्यांनी चेंडू मिळवला की तो पलीकडच्या तिघांकडे पोचवायचा. लालांनी त्याआधी, पाच सेकंदांत, तो परत घ्यायचा. परत मिळाला तर लालांना 2 गुण. पलीकडे पोचला तर निळ्यांना 1 गुण, मग दोन लाल तिकडे धावतात आणि भूमिका बदलतात. सेकंद तुम्ही मोठ्याने मोजा. दोन मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, अशा सहा फेऱ्या पुरतात. विश्रांती कापू नका. दमलेला खेळाडू उशिरा धावायला शिकतो आणि तीच सवय सामन्यात नेतो.

नेमकं शिकवायचं ते इथे. चेंडू नुकताच मिळवलेल्या खेळाडूची नजर चेंडूवर असते, मैदान त्याने अजून पाहिलेलं नसतं. त्याने मान वर करायच्या आत गाठायचं, एवढंच या डावपेचाचं मर्म. सर्वांत जवळचा सरळ धावतो, पण शेवटची दोन पावलं आखूड टाकतो आणि अंग तिरकं ठेवून मैदानाच्या मधला रस्ता बंद करतो. भरवेगात गेला तर एका हुलकावणीत मागे पडेल. त्याच्यानंतरचे जवळचे दोघे चेंडूकडे धावत नाहीत, जवळच्या दोन पासच्या वाटा अडवून उभे राहतात. दोन मध्य बचावपटू आणि एक मिडफिल्डर मागेच थांबतात.

7 मे 2019 ला ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर क्लॉपच्या लिव्हरपूलने बार्सिलोनाला 4-0 हरवलं. त्यातला दुसरा गोल पुनःपुन्हा लावून दाखवा. उजवीकडे लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डचा चेंडू बार्सिलोनाच्या जोर्डी आल्बाकडे जातो. ट्रेंट निराश होऊन थांबत नाही, त्याच झटक्यात चेंडू परत घेतो, आत क्रॉस टाकतो आणि विनाल्डम गोल करतो. खेळाडूंचं लक्ष गोलवर जाईल. तुम्ही चित्र थांबवा चेंडू गेल्याच्या क्षणी आणि ट्रेंटचे पाय दाखवा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एकट्याच्या धावण्यामुळे. उत्साही आघाडीवीर धावतो, मागचे बघत राहतात, एका पासमध्ये तो बाद होतो. अशा वेळी त्याला नाही, मागच्यांना बोला. दुसरी चूक पाच सेकंद उलटल्यावरही पाठलाग करण्याची. चेंडू मिळाला नाही तर सगळ्यांनी मागे येऊन रचना धरायची. दोन्ही बाजूंचे बचावपटू एकदमच वर गेले तर एका लांब पासवर गोल बसतो.

समोरचा संघ चेंडू स्वतःहून तुम्हालाच देऊन मागे बसला, तर मात्र हे हत्यार बोथट होतं. 2011 आणि 2012 ला बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकलेला क्लॉपचा डॉर्टमुंड संघ 2014-15 च्या मोसमात अर्ध्यावर अठरा संघांत सतरावा होता आणि कसाबसा सातवा आला. त्याला कारणं अनेक होती, पण खोल बसलेल्या बचावापुढे मार्ग न सापडणं हे त्यातलं ठळक. म्हणून आठवड्यातला एक सराव दाट बचाव फोडण्यासाठी राखून ठेवा.

सामन्यात राखीव खेळाडूच्या हाती वही द्या. चेंडू गेला की एक रेघ, पाच सेकंदांत परत आला की तिच्यावर काट. मध्यंतराला आधी ते पान बघा, मग बोला.