आखाजीचं गाणं भाव ओतून कसं म्हणावं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खान्देशात निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात आणि माहेरवाशिणी गाऊ लागतात. तीच गाणी मंडळाच्या कार्यक्रमात माइकवर आली की आवाज मुद्दाम थरथरवला जातो, हुंदके काढले जातात, आणि ऐकणारा मोबाइल बघत बसतो. मीही कित्येक वर्षं तशीच गायले. श्वास कुठे घेतला आणि शब्द कसा उचलला याकडे लक्ष द्यायला लागले, तेव्हा गाण्यात फरक पडला.

सरावाला एकच ओळ पुरते. समजा, ‘आखाजी उनी वं माय,’ म्हणजे आखाजी आली गं आई.

आधी ती नुसती बोला, समोर खरंच आई उभी आहे असं समजून. जोर कुठे पडतो? ‘उनी’वर पडला तर आनंद, ‘माय’वर रेंगाळलात तर ओढ. गाताना तोच जोर ठेवा. उच्चारही पुस्तकी करू नका. घरी ‘डोया’ म्हणत असाल तर माइकवर ‘डोळा’ कशाला?

मग श्वास. पाठीवर झोपून पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात वर यावा, खांदे नाही. आता ‘स्स्स’ करत सारख्या जोराने १५ सेकंद हवा सोडा, रोज थोडं वाढवत २५ पर्यंत न्या. ओळीत ‘उनी’ आणि ‘वं माय’ यांच्यामध्ये श्वास तोडू नका, हाकच तुटते. ‘आखाजी’च्या आधी पोटभर घ्या आणि ‘माय’ संपेपर्यंत पुरवा. संपवताना थोडी हवा शिल्लक हवी, नाहीतर शेवटचा सूर खाली घसरतो.

खरी गंमत ‘माय’मध्ये आहे. ‘मा’चा ‘आ’ लांबवा आणि ‘य’ अगदी शेवटी, ओझरता लावा. ‘य’ लवकर आला तर तोंड मिटतं आणि सूर दबतो. ‘म’वर क्षणभर ओठ मिटून गुणगुणल्यासारखं करा, मग उघडा, आवाज आपोआप मऊ लागतो. हाच ‘आ’ बारीक सुरू करून मोठा करा, पुन्हा बारीक करा. वरच्या सुरावरून खाली येताना पायरी-पायरीने न उतरता मींड घ्या, म्हणजे सूर न तोडता घसरत या. एका ओळीत एकच मींड. जागोजागी मुरक्या, म्हणजे झटपट घेतलेल्या छोट्या सुरावटी, घातल्या की शब्द हरवतात, आणि लोकगीतात शब्द हरवला तर उरलं काय?

पट्टी स्वतःच्या गळ्याची धरा. पेटीवाल्याच्या सोयीसाठी उंच पट्टीत ओरडलात तर भाव सोडा, घसा जाईल. वैशाखाच्या उन्हात तसाही तो कोरडा पडतो, म्हणून घोट-घोट पाणी पीत राहा. गाताना दुखलं तर थांबा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

शेवटी मोबाइलवर तीच ओळ तीनदा रेकॉर्ड करा: एकदा आनंदाने, एकदा ओढीने, एकदा रुसून. लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणाला तरी ऐकवा आणि कुठली कोणती ते ओळखायला सांगा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या खेपेला तिन्ही ऐकून विचारलं होतं, ‘‘घसा बसला का गं?’’