प्रवाशाला बसकडे वळवायचे, तर आधी त्याचे वाट पाहणे कमी करावे

मोटारीने कामाला जाणाऱ्या माणसाला बसचे फायदे ठाऊक असतात. बस नेमकी केव्हा येईल, एवढेच त्याला ठाऊक नसते. म्हणून वाहतूक विभागाने जाहिरातीचे फलक बाजूला ठेवून सुरुवात फेऱ्यांपासून करावी.

सर्वाधिक वर्दळीचे दोन-तीन मार्ग निवडून त्यांवर सकाळ-संध्याकाळ दर दहा मिनिटांनी बस सुटेल अशी व्यवस्था करावी. त्याच बस शहरभर विखुरल्या, तर कोणाचीच सवय बदलत नाही. बस ठरल्या अंतराने आल्या, तर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. परंतु कोंडीत अडकून दोन बस पाठोपाठ आल्या आणि पुढची वीस मिनिटे एकही आली नाही, तर कागदावर फेऱ्या तेवढ्याच राहूनही ही सरासरी दहा मिनिटांवर जाते, आणि थांब्यावर उभ्याने काढलेले मिनिट बसमध्ये बसून काढलेल्या मिनिटापेक्षा फार लांब वाटते. यावर उपाय राखीव मार्गिकेचा. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने 1974 पासून बससाठी स्वतंत्र मार्ग राखले. संपूर्ण रस्ता राखणे शक्य नसेल, तर निदान सिग्नलअलीकडचा, जिथे रांग लागते तेवढा भाग तरी बससाठी मोकळा ठेवावा.

तिकीट माफ करण्याचा मोह आवरावा. एस्टोनियाच्या तालिन शहराने 2013 मध्ये रहिवाशांना बसप्रवास मोफत केला, तेव्हा एरवी पायी जाणारेही मोठ्या प्रमाणात बसमध्ये चढले. त्यामानाने मोटारी फारशा घटल्या नाहीत.

मात्र केवळ चांगल्या बसनेही मोटारी घरी राहत नाहीत, ही गोष्ट नियोजन करणाऱ्यांना सहसा आवडत नाही. स्टॉकहोममध्ये 2005 च्या ऑगस्टपासून जादा बस धावू लागल्या, तरी मोटारींची संख्या जवळपास तशीच राहिली. जानेवारी 2006 मध्ये शहराच्या मध्यभागात येण्याजाण्यावर प्रायोगिक शुल्क लागले, तेव्हा त्या हद्दीवरील वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली. जुलैअखेर प्रयोग थांबताच ती पुन्हा वाढली आणि 2007 मध्ये शुल्क कायम झाले. यातला क्रम महत्त्वाचा आहे: पर्याय आधी उभा करावा, शुल्क मागाहून लावावे, अन्यथा लोकांना तो निव्वळ दंड वाटतो.

एवढे अधिकार नसलेल्या कार्यालयांच्या हातीही एक गोष्ट असते, ती म्हणजे वाहनतळ. फुकट मिळणारी पार्किंगची जागा हे मोटारीला दिलेले अनुदानच आहे. ती जागा सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तिच्या खर्चाइतका भत्ता दरमहा द्यावा. नवीन माणसाच्या बाबतीत हे अधिक सोपे असते, कारण त्याची रोजची वाट अजून ठरलेली नसते. त्यामुळे बसचा पास त्याला रुजू होण्याच्या दिवशीच, पार्किंगचा अर्ज हाती पडण्यापूर्वी द्यावा.