इतिहास गोष्टीसारखा सांगताय? मग या चुका टाळा

नुसत्या सनावळ्या वाचल्या की मागच्या बाकावर डुलक्या सुरू आणि गोष्ट सांगितली की मुलं कान टवकारतात, त्यामुळे गोष्ट सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण गोष्टीला सुरुवात लागते, शेवट लागतो, हिरो लागतो, आणि हे सगळं आपण घालतो. घोळ तिथेच होतो.

पहिलं महायुद्धच घ्या. २८ जून १९१४, बोस्नियातलं साराजेवो. सकाळी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडवर बॉम्ब फेकतात, तो वाचतो, मागच्या गाडीतले जखमी होतात, मग त्यांना बघायला हॉस्पिटलला निघतो तर ड्रायव्हर भलत्याच रस्त्याला वळतो, गाडी थांबते आणि समोर नेमका कटातला सर्ब तरुण गाव्रिलो प्रिन्सिप पिस्तूल घेऊन उभा. गोळ्या सुटतात, युवराज ठार. काहीजण तर त्याच्या हातात सँडविचपण देतात (पुरावा शून्य, पण सीन भारी होतो ना!). आणि पुढचं वाक्य थेट, "मग महायुद्ध पेटलं." मुलांच्या डोक्यात काय राहिलं, तर ड्रायव्हर चुकला म्हणून युद्ध झालं. अहो, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाशी युद्ध पुकारलं २८ जुलैला! मधे अख्खा महिना गेला, जर्मनीने पाठीशी उभं राहायचं कबूल केलं, २३ जुलैला सर्बियाला अल्टिमेटम गेला, सर्बियाने बऱ्याचशा अटी मानल्यासुद्धा. पण त्या महिन्यात सगळी खलबतं आणि कागदपत्रं, गोळीबार नाही, म्हणून गोष्टीतून कटाप. तर "मग" असं तोंडातून निघालं की थांबायचं आणि वर्गालाच विचारायचं, मधे किती दिवस गेले, आणि त्या दिवसांत कोणी काय ठरवलं?

शेवटाचंही तसंच. ४७६ साली ओडोएकर नावाच्या जर्मानिक सेनानीने पश्चिम रोमचा पोरसवदा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून उतरवलं, 'रोम पडलं', पडदा. पण तिकडे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल), स्वतःला रोमनच म्हणवणारे लोक १४५३ पर्यंत होते की! दोन्ही सन फळ्यावर लिहा आणि प्रत्येक शेवट धरून धड्याला नाव द्यायला सांगा, एका धड्याचं नाव 'ऱ्हास' येईल आणि दुसऱ्याचं बहुतेक 'चिवटपणा'.

राहिले डायलॉग. राजा मनात काय म्हणाला ते आपल्याला कुठून कळणार? प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजनेही आपल्या इतिहासात भाषणं घातलीच, पण शब्द न् शब्द लक्षात ठेवणं अवघड होतं, प्रसंगाला साजेसं लिहिलंय, असं त्याने स्वतःच सांगून टाकलंय. तेवढं एक वाक्य आपणही वर्गात बोलायचं, "हा डायलॉग माझा हं, त्याचा नाही."