पीसी-९८ घरी आणल्यावर: बटण दाबण्याआधी

जुना जपानी कॉम्प्युटर घ्यायचा तर आधी गेम ठरवा, मग मशीन. एमएसएक्स या छोट्या घरगुती कॉम्प्युटरवर कार्ट्रिज खोचली की झालं. शार्पच्या एक्स६८०००वर आर्केडचे गेम देखणे दिसतात, पण त्याच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर गळण्यासाठीच प्रसिद्ध. एनईसीची पीसी-९८०१ मालिका, म्हणजेच पीसी-९८, १९८२ची. तिचे गेम अफाट. सुरुवातीला पीसी-९८०१डीए बरा: ३८६ प्रोसेसर, एफएम साउंड (संगीत वाजवणारी चिप) आतच. साउंड बोर्ड नसलेल्या मॉडेलवर गेमभर नुसतं बीप बीप ऐकावं लागतं.

जपानी लिलावात 'दोसा मिकाकुनिन' लिहिलेलं असतं, म्हणजे चालतो का ते पाहिलेलं नाही. बंदच आहे असं धरून बोली लावा.

जपानात वीज १०० व्होल्टची. थेट २३० दिलेत तर पॉवर सप्लाय जळलाच. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टचाच घ्या, ११०चा नको. क्षमता मशीनवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट.

प्लग लावण्याआधी झाकण उघडा. घड्याळासाठी बोर्डवर निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की आसपासच्या तांब्यावर हिरवट-निळा थर चढतो आणि बोर्डवरच्या रेषा खाऊन टाकतो. बॅटरी कापून काढा, पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने जागा पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. बॅटरीशिवाय तारीख आणि सेटिंग विसरली जातात, फ्लॉपीवरचे गेम चालतात. पॉवर सप्लायला मासळीसारखा वास आला तर कपॅसिटर बदलल्याशिवाय चालू करू नका.

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ खातो तो स्क्रीन. मशीन ठणठणीत, पण मॉनिटर काळा! कारण पीसी-९८चं ६४० बाय ४०० चित्र २४.८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला सुमारे २४,८०० आडव्या रेषा) येतं, आणि बरेचसे एलसीडी ३१च्या खालचं घेतच नाहीत. मागचं १५ पिनांचं सॉकेट दोन ओळींचं असतं, म्हणून तीन ओळींच्या व्हीजीएसाठी ॲडॅप्टर लागतो. पण त्याने फक्त जोडणी होते, फ्रिक्वेन्सी तीच राहते. २४ किलोहर्ट्झ घेणारा मॉनिटर शोधा किंवा ओएसएससी, म्हणजे जुनं चित्र नव्या मॉनिटरला चालेल असं करणारं यंत्र, जोडा. नंतरच्या बऱ्याच पीसी-९८२१वर कीबोर्डवरच्या ग्राफ (GRPH) आणि २ या कळा दाबून चालू केलं की ३१ किलोहर्ट्झ मिळतं. मात्र तेव्हा रिफ्रेश ५६ऐवजी ७० हर्ट्झ होतो, आणि त्यावर वेग बांधलेले गेम पळत सुटतात.

आता फ्लॉपी. ५.२५ इंची असेल तर मधलं भोक बोटाने हळूहळू फिरवत लांबट खिडकीतून दोन्ही बाजू उजेडात बघा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. तशी फ्लॉपी घातली तर बुरशी ड्राइव्हच्या हेडला (फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला) चिकटते, आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. चुकून घातलीच, तर दुसरी घालण्याआधी हेड अल्कोहोलने पुसा.

चांगल्या फ्लॉपीवरही रोज खेळू नका. ग्रीसवीझल (फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीने जोडणारा बोर्ड) आणि साध्या पीसीची १.२ मेगाबाइटवाली ड्राइव्ह घेऊन प्रत काढा. ती ड्राइव्हही पीसी-९८च्या ड्राइव्हसारखेच मिनिटाला ३६० फेरे घेते, त्यामुळे जमते. कॉपी प्रोटेक्शन असेल तर फ्लक्स इमेजच (फ्लॉपीवरच्या चुंबकीय खुणांची हुबेहूब नोंद) काढा, साध्या सेक्टर इमेजमध्ये ते उतरत नाही. काही गेम सेव्हसाठी वेगळी 'यूजर डिस्क' मागतात. ५.२५ इंची असेल तर तिची कडेची खाच उघडी ठेवा, म्हणजे लिहिता येतं; मूळ फ्लॉपीची मात्र चिकटपट्टीने झाकून टाका.