ऐरोलीनंतर रबाळे: डोळ्यांशिवाय फोन शिकताना

ठाणे ते वाशी असं मी जवळजवळ सहा वर्षं अप-डाउन केलं. पहिली दोन वर्षं स्टेशनच्या पाट्या वाचत, पुढची चार न वाचता. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. लहानपणी संध्याकाळ झाली की दिसायचं नाही, तेव्हा घरच्यांनी ‘रातांधळेपणा’ म्हणून गाजरं खायला घातली. मग कडेचं दिसणं आक्रसत गेलं, नळीतून पाहावं तसं, आणि एकोणतिसाव्या वर्षी ती नळीही बुजली. ट्रान्स हार्बरच्या गाडीत मात्र माझं कधी अडलं नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. सातवं आलं की उतरायचं.

फोन शिकायला मला जे लागणार होतं ते मी असं गाडीतच शिकून बसले होते. हे कळायला पाच महिने गेले. तुमचे वाचावेत म्हणून हा खटाटोप.

सुरुवात दादाने केली. त्याने कुठेतरी ऐकलं आणि माझ्या फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, सुरू करून दिला. मग त्यालाच तो बंद करता येईना. एकदा टॅप केलं तर काही उघडत नाही, बोट सरकवलं तर पान सरकत नाही, आणि फोनची आपली अखंड बडबड. स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला, तर तिथल्या मुलाने ‘टच गेलाय’ म्हणत डिस्प्ले बदलायचा खर्च सांगितला. टच ठणठणीत होता. टॉकबॅक चालू असला की बोटांचे नियम बदलतात, हे त्या दुकानात कोणालाच माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्वतःचा स्क्रीन रीडर. बहुतेक फोनमध्ये आधीपासून असतो, पैसे पडत नाहीत. तो २००९ साली आला. आयफोनमध्ये त्याच वर्षी थ्री जीएस या मॉडेलपासून व्हॉइसओव्हर आला. मी टॉकबॅकवाली, त्यामुळे इथे त्याचंच सांगते. आयफोनवाल्यांनी बोटांच्या खुणांत थोडा फरक धरून चालावं.

पहिल्या दिवशी फक्त सुरू आणि बंद करायला शिका. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम दाबून तीन-चार सेकंद धरायची. काही फोनवर हा शॉर्टकट आधी अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये चालू करून घ्यावा लागतो, तेवढं कोणाकडून तरी करून घ्या. याचा खरा फायदा घरच्यांना. त्यांना तुमच्या फोनवर काही बघायचं असेल तर त्यांनी टॉकबॅक बंद करावा, काम झालं की परत चालू करून द्यावा. परत चालू करून द्यायला सगळे विसरतात. आमच्याकडे त्यावरून भांडणं झाली आहेत.

आता माझी पाच महिन्यांची चूक. मी काचेवर जागा शोधत होते. व्हॉट्सअ‍ॅप पूर्वी खालून दुसऱ्या ओळीत, उजव्या टोकाला असायचं आणि ते बोटाला पाठ होतं. मी तिथे बोट न्यायचे, फोन भलतंच काही बोलायचा, मी थोडं वर, थोडं डावीकडे चाचपडायचे. चॅट उघडली की जुना नकाशा उपयोगाचा नाही, तिथे नवा. तो डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता, मग आठवणार कुठून? रोज रडकुंडीला यायचे. वहिनी म्हणायची, ‘द्या इकडे, मी लावून देते,’ आणि मी देऊन टाकायचे.

एके दिवशी वैतागून बोट काचेच्या मधोमध नुसतं उजवीकडे झटकलं. फोनने एक नाव घेतलं. परत झटकलं, पुढचं नाव. परत, त्याच्या पुढचं. डावीकडे झटकलं तर मागचं. आणि एकदम गाडीतला तो आवाज आठवला: ‘पुढील स्टेशन, रबाळे.’ वाशी नकाशावर कुठे आहे हे मला कधीच माहीत असायची गरज पडली नव्हती. सानपाड्यानंतर येतं, बस. डोळसांसाठी स्क्रीन हा नकाशा असतो. आपल्यासाठी ती एक लाइन आहे, एकामागून एक स्टेशनं असलेली.

मग हवं ते नाव ऐकू आलं की काय करायचं? त्या जागी बोट न्यायचं नाही. काचेवर कुठेही दोनदा टकटक करायची. हे ‘कुठेही’ नव्या माणसाला पटतच नाही. तो हमखास चिन्ह शोधायला जातो, बोट टेकताच दुसरं काहीतरी निवडलं जातं आणि तेच उघडतं. खरं तर फोनचं लक्ष जे शेवटचं नाव बोलला त्याच्यावर असतं, तुमच्या बोटावर नाही. पान वर-खाली करायचं तर दोन बोटं. लॉक उघडतानाही दोन बोटं खालून वर. बोलणं नको झालं तर नव्या फोनवर दोन बोटांनी एकदा टॅप केलं की गप्प बसतो. पहिला आठवडा एवढ्यावर काढा. नवं काही शिकू नका, कोणी शिकवायला आलं तरी.

एक बोट काचेवर फिरवून ऐकत जायची पद्धतही आहे आणि पुढे ती लागते, विशेषतः टाइप करताना आणि पिन टाकताना. पण आधी झटकणं. क्रम कानात बसला की जागा आपोआप बसतात. उलटं होत नाही, मी करून पाहिलंय.

लाइन कळली की दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो, कारण प्रत्येक स्टेशनवर थांबावं लागतं. बातमी वाचायला वेबसाइट उघडावी तर बातमीच्या आधी मेनू, जाहिरात, राशिभविष्य, परत जाहिरात. इथे फास्ट लोकल पकडायची. तीन बोटं वर किंवा खाली झटकली की टप्पा बदलतो: अक्षर, शब्द, ओळ, हेडिंग, लिंक. हेडिंग ऐकू आलं की थांबायचं आणि मग एका बोटाने खाली झटकत राहायचं, म्हणजे फोन मधलं सगळं सोडून थेट पुढच्या हेडिंगवर जातो. जुन्या फोनवर टप्पा बदलायला एकच बोट वर नेऊन लगेच खाली आणायचं. ओटीपी एकेक अंक करून ऐकायचा असेल तर हाच टप्पा अक्षरावर ठेवायचा. हे मला कोणी सांगितलं असतं तर किती ओटीपी वाया जायचे वाचले असते.

आवाजाबद्दल. गूगलचा मराठी आवाज फोनमध्ये मिळतो, तो उतरवून घ्या. सुरुवातीला वेग कमी ठेवा, लाज नाही. दर पंधरा दिवसांनी थोडा वाढवा. आता माझा फोन ज्या वेगाने बोलतो तो आईला ‘मिक्सर लावल्यासारखा’ ऐकू येतो.

मराठी आवाज लावूनही अर्धी मराठी वाचली जात नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी रोमन लिपीत लिहितात. ‘कुठे आहेस’ हे एवढं साधं वाक्य इंग्रजी आवाजात असं काही ऐकू येतं की पहिल्यांदा मला वाटलं मैत्रिणीचा फोन चोरीला गेला. मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, देवनागरीत लिहा नाहीतर बोलून पाठवा. बहुतेकांनी ऐकलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाही. ते नोटीस कागदावर काढतात, तिचा फोटो ग्रुपवर टाकतात, आणि माझा फोन म्हणतो, ‘इमेज’. पाणी कधी जाणार ते मला पाणी गेल्यावर कळतं. फोटोतला मजकूर वाचून दाखवणारी अ‍ॅप आहेत, गूगलचं लुकआउट त्यातलं एक, पण वाकड्या काढलेल्या फोटोपुढे तीही हात टेकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफचं तर विचारूच नका. अक्षरं दिसायला मराठी, पण आत सगळा कचरा, आणि स्क्रीन रीडर तो कचरा मनापासून वाचतो.

काही बटणांना नावच नसतं. अ‍ॅप बनवणाऱ्याने चित्र काढलं, नाव लिहायचं विसरला. मग ‘लेबल नसलेले बटण’ एवढंच ऐकू येतं. एकदा दाबून ते काय करतं ते कळलं की तीन बोटांनी टॅप करून टॉकबॅकचा मेनू उघडा. तिथे लेबल जोडायची सोय असते, सगळ्या नाही तरी बऱ्याच बटणांना ती चालते.

आणि अपडेट. जानेवारी २०२४मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं. तोवर मी ऐरोलीतल्या एका कंपनीत लागले होते आणि ठाण्यानंतरचं पहिलं स्टेशन म्हणजे ऐरोली हे अंगात इतकं मुरलेलं की एका सकाळी सरळ दिघ्याला उतरले. घोषणा झाली असणार, पण दोन्ही कानांत इअरफोन होते. अ‍ॅप अपडेट होतं तेव्हा हेच होतं, मध्येच एक नवं बटण येऊन बसतं आणि ‘चार वेळा झटका, दोनदा टॅप’ अशी पाठ केलेली मोजणी एकाने चुकते. पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये म्हणून मोजणीवर कधीच जाऊ नका, नाव ऐकूनच दाबा. आणि तेव्हापासून माझ्या एका कानात काहीच नसतं. चालताना तर फोन पर्समध्येच, एका हातात काठी, दुसरा मोकळा. काही बघायचं असलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

पैशांचं थोडं. यूपीआयचा पिन इअरफोन लावूनच टाका. टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन लपवायची सोय आहे, ती चालू केली की काच काळी पडते आणि फोन बोलत राहतो. शेजारच्याला वाटतं ही बाई बंद फोनवर बोटं फिरवतेय. वाटू दे. क्यूआर कोड स्कॅन करण्याच्या फंदात मी फार पडत नाही, दुकानदाराचा नंबर विचारते. त्याच्या काउंटरवरचा साउंडबॉक्स ‘इतके रुपये प्राप्त झाले’ म्हणतो तेव्हा दोघांनाही एकाच वेळी कळतं. ते यंत्र कोणी आपल्यासाठी बनवलेलं नाही, पण आपल्या इतकं उपयोगाचं दुसरं काही बाजारात आलेलं नाही. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे अ‍ॅप आहे, जानेवारी २०२०मध्ये आलेलं, इंटरनेट नसलं तरी चालतं.

केवायसीमध्ये मात्र मी अडकले. एका बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं, चेहरा गोलात आणा आणि डोळे मिचकवा. गोल कुठे आहे ते ते अ‍ॅप सांगेना, आणि डोळे मिचकावलेले त्याला पटेनात. तीनदा करून खातं अडकलं. शाखेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, ‘घरच्या कोणाला तरी घेऊन या.’ तेव्हा मी परत आले. आज आले नसते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीसाठी डोळे मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग द्यायला सांगितले. याचिका करणाऱ्यांत अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या आणि अमर जैन हे स्वतः अंध असलेले वकील. निकालाची तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. काउंटरवर तारीख सांगितली की समोरच्याचा आवाज बदलतो.

नोकरीचं फार लांबवत नाही. फोनवर हात बसला की कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर शिकायला सोपं जातं. तोही फुकट, २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केलेला. तिथेही तेच, हेडिंगवरून हेडिंगवर उड्या. शिकण्यासाठी वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं अंधांसाठीचं केंद्र एक्सआरसीव्हीसी, दोन्हीकडे चौकशी करा. ठाण्याहून जायला लांब पडतं, तरी एकदा जाच. ऐरोलीच्या मुलाखतीत मला विचारलं, ‘मेल कसे वाचणार?’ मी फोन काढला, इअरफोन उपटला आणि माझ्या नेहमीच्या वेगात एक मेल वाचायला लावला. तिघांपैकी कोणालाच एक शब्द कळला नाही. मी तो मराठीत सांगितला. पुढचे प्रश्न पगाराचे होते.

सध्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना शिकवते आहे. काचबिंदूने नजर गेली, वय एकाहत्तर, रेल्वेतून निवृत्त, त्यामुळे स्टेशनांचं उदाहरण त्यांना माझ्याआधी कळलं. फक्त बोटांत जोर फार, टकटक करतात ती दार ठोठावल्यासारखी. अकराव्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

‘लागला का गं?’

‘लागला, काका. बोला.’

‘बोलायचं काही नाही. मी एकट्याने लावला.’ मागून त्यांचा टॉकबॅकही काहीतरी बोलत होता. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. शेवटी म्हणाले, ‘आता ठेवायचा कसा?’

‘दोन बोटांनी दोनदा टॅप करा.’

टक टक. ‘ठेवला का?’

‘नाही काका. दोन बोटं एकदम टेकवा.’

टक टक.

‘आता?’

‘अजून आहे. जरा हलक्या हाताने.’