शाळेच्या फीवर व्हॅट आला: इंग्लंडमधल्या मराठी घराने हिशोब कसा मांडावा

जानेवारी २०२५ च्या टर्मचं बिल फोनवर आलं, तेव्हा मी ते तीनदा वरखाली सरकवून पाहिलं. फी, जेवण, व्हायोलिनचा तास आणि त्याखाली आजवर कधीच नसलेली एक ओळ: व्हॅट, २० टक्के. आकडा किती येणार हे आधीपासून माहीत होतं, तरी समोर दिसल्यावर पोटात गोळा आलाच. लेक शेजारी बसून टोस्टला लोणी लावत होती. तिने विचारलं, "आई, माझी शाळा बदलणार का?" मला काही सांगता येईना, कारण तोवर आम्ही नीट हिशोबच केला नव्हता.

पुढे तो केला, आणि ओळखीच्या चार-पाच मराठी घरांत बसूनही केला. ज्या क्रमाने केला त्याच क्रमाने इथे मांडते आहे. सगळीकडे एकच गोष्ट जाणवली. घरं घाबरतात ती त्या २० टक्क्यांना, पण निर्णय ठरतो तो मूल कुठल्या इयत्तेत आहे आणि शाळा संपेपर्यंत एकूण किती पैसे लागणार आहेत यावर.

आधी बदल नीट समजून घ्या

सरकारने २९ जुलै २०२४ ला हे जाहीर केलं, अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ३० ऑक्टोबरच्या बजेटमध्ये पक्कं केलं आणि १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या युनायटेड किंग्डममधल्या खासगी शाळांच्या शिकवणीवर आणि बोर्डिंगवर २० टक्के व्हॅट लागला. एप्रिल २०२५ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्था म्हणून चालणाऱ्या खासगी शाळांची बिझनेस रेट्समधली, म्हणजे इमारतीवरच्या स्थानिक करातली सवलत गेली, आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावर मालकाने भरायचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता, १३.८ वरून १५ टक्के झाला. शाळेचा सगळ्यात मोठा खर्च शिक्षकांचे पगार असतो, त्यामुळे हा भारही फिरून फीवरच येतो. म्हणूनच काही शाळांची मूळ फीसुद्धा वाढलेली दिसते.

जून २०२५ मध्ये हायकोर्टाने या कराविरुद्धचे दावे फेटाळले. कर उद्या जाईल अशी आशा मनात ठेवायला हरकत नाही, पण हिशोब मात्र तो राहणार असं धरूनच करा.

बिल ओळीओळीने वाचा

सगळ्या बिलावर सरसकट व्हॅट लागत नाही. शाळेतलं जेवण आणि शाळेची बस यांवर तो नाही. शाळा सुटल्यावर मुलाला नुसतं सांभाळलं जात असेल तर त्यावरही नाही. त्या वेळात काही शिकवत असतील तर लागतो. शाळेच्या सक्तीच्या वयाखालच्या मुलांचे नर्सरीचे वेगळे वर्गही व्हॅटमधून मोकळे आहेत. म्हणून शाळेने सगळं एका आकड्यात गुंडाळून पाठवलं असेल तर फोड मागा. मागायला संकोच नको.

वाद्याच्या तासाचं प्रकरण निराळं आहे. तो तास शाळा स्वतःच्या नावाने देत असेल तर त्यावर व्हॅट आहे. शिक्षक स्वतंत्रपणे काम करणारे असतील आणि त्यांचा व्यवहार थेट तुमच्याशी असेल तर शाळांत सर्रास शिकवल्या जाणाऱ्या विषयाच्या अशा शिकवणीवर व्हॅट नाही. आमच्या व्हायोलिनच्या बाई स्वतंत्रच शिकवतात हे मला दोन टर्म उलटल्यावर कळलं. आता त्यांचं बिल वेगळं येतं.

दुसरा प्रश्न बर्सरला, म्हणजे शाळेच्या हिशोबनिसांना विचारायचा: यातला किती भार शाळेने स्वतः उचलला? फीवर व्हॅट घेणाऱ्या शाळेला आता बांधकाम, वीज, संगणक अशा खरेदीवर स्वतः भरलेला व्हॅट परत मिळतो. पगारावर व्हॅट नसतो, त्यामुळे परतावा फार मोठा नसतो, पण असतो. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या कर आणि सरकारी खर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हे सगळं धरून खरा परिणाम १५ टक्क्यांच्या आसपास काढला होता. समजा, टर्मची फी ६,००० पौंड आहे. पूर्ण व्हॅट लावला तर ७,२०० होतात. शाळेने मूळ फी ५ टक्क्यांनी उतरवली तर ५,७०० वर व्हॅट धरून ६,८४०, म्हणजे वाढ १४ टक्के. तुमची शाळा या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते ते एकदा कागदावर मांडून पाहा.

शेवटपर्यंतची बेरीज करा

हे काम सगळ्यात नकोसं असतं आणि सगळ्यात उपयोगाचंही. टर्मचं बिल बघून माणूस म्हणतो, "भागवू कसंतरी." पण मूल पुढच्या सप्टेंबरात इयर नाइनमध्ये जाणार असेल तर ए-लेव्हल, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा संपेपर्यंत पाच वर्षं, म्हणजे पंधरा टर्म उरतात. ७,२०० पौंडांच्या टर्मने पहिलं वर्ष २१,६०० चं. मूळ फी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असं धरलं तर पाच वर्षांची बेरीज सुमारे १,१९,३५० पौंड होते. व्हॅट नसता तर तीच सुमारे ९९,४६० झाली असती. धाकटं भावंड असेल तर त्याचा रकाना शेजारी मांडा आणि दोघांची फी एकाच वेळी भरायची कोणती वर्षं आहेत त्यांवर खूण करा. एका मैत्रिणीच्या घरी त्या चार ओळी लाल पेनाने गोल केल्यावर दोघंही बराच वेळ काही बोलली नाहीत. मोठीची फी त्यांना झेपत होती. अवघड होती ती दोघांची एकत्र वर्षं, आणि ती यायला अजून तीन वर्षं होती. तीन वर्षांत पुष्कळ काही करता येतं.

वाढ पगारात मोजा

फी कर कापून हातात आलेल्या पैशातून जाते. वर्षाला ३,६०० पौंड जास्त भरायचे असतील आणि तुम्ही आयकराच्या ४० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल, तर नॅशनल इन्शुरन्स धरून पौंडातले ५८ पेन्स हातात राहतात. म्हणजे पगार जवळजवळ ६,२०० पौंडांनी वाढायला हवा.

पगार १ लाख ते १,२५,१४० पौंडांच्या मध्ये असेल तर आणखी जपून. या पट्ट्यात १२,५७० पौंडांची करमुक्त रक्कम हळूहळू काढून घेतली जाते, त्यामुळे वरच्या पौंडातले जेमतेम ३८ पेन्स उरतात. आयटीतली आपली कितीतरी माणसं नेमकी इथे आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फीसाठी पेन्शनचा हप्ता थांबवू नका. शंभर पौंडांची पेन्शन मोडून हातात चाळीससुद्धा येत नाहीत. शिवाय दोघांपैकी एकाचंही निव्वळ उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की लहान मुलांसाठीची टॅक्स-फ्री चाइल्डकेअर योजना बंद होते. त्या योजनेत तुमच्या प्रत्येक ८ पौंडांवर सरकार २ घालतं, एका मुलामागे वर्षाला २,००० पर्यंत. शाळेची फी त्यातून भरता येत नाही, पण नोंदणी झालेल्या ठिकाणी शाळेनंतर मूल सांभाळण्याचा खर्च भरता येतो. पेन्शनमध्ये थोडं जास्त टाकून उत्पन्न लाखाच्या आत ठेवल्याने एका घरात धाकट्याचा हा खर्च बराच हलका झाला.

मदत मागा, लाज सोडून

बर्सरी, म्हणजे उत्पन्न बघून दिलेली सवलत, मागणं आपल्याकडे कमीपणाचं वाटतं. शाळांना तसं वाटत नाही. त्यांच्याकडे यासाठी फॉर्म आहे आणि ठराविक मुदतही. शाळेने स्वतः फी कमी केली तर व्हॅट कमी झालेल्या रकमेवरच लागतो, म्हणजे सवलतीचा फायदा दुहेरी. फी आगाऊ भरून व्हॅट चुकवण्याची वाट मात्र जुलै २०२४ मध्येच बंद झाली.

भारतातले आजी-आजोबा हातभार लावणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते, आणि तो त्यांच्या आयकर विवरणपत्रात वळता होतो. त्यांच्या म्हातारपणाची पुंजी मात्र यात घालू नका. ते "नको" म्हणणार नाहीत, म्हणून तो विचार आपणच करायचा.

सरकारी शाळा प्रत्यक्ष पाहा

वर्क व्हिसावर आलेल्या अनेक घरांत एक गैरसमज असतो. व्हिसावर "सरकारी निधीचा लाभ नाही" अशी अट असते, त्यावरून लोक धरून चालतात की सरकारी शाळाही आपल्याला बंद. रेडिंगमधल्या एका जोडप्याने याच समजुतीपायी दोन वर्षं फी भरली. हे चूक आहे. सरकारी शाळेतलं शिक्षण त्या अटीत येत नाही. तुमच्यावर अवलंबून म्हणून आलेल्या मुलाला तिथे प्रवेश मिळतो. स्वतःच्या चाइल्ड स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलाला मात्र खासगी शाळेतच शिकावं लागतं.

इंग्लंडमध्ये सेकंडरीसाठी कौन्सिलकडे अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आणि निकाल १ मार्चच्या सुमारास. प्रायमरीसाठी १५ जानेवारी आणि १६ एप्रिल. वर्षाच्या मध्येही अर्ज करता येतो, पण जागा असेल तरच. नाव वेटिंग लिस्टवर ठेवता येतं, नकाराविरुद्ध अपीलही करता येतं. ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा हवी असेल तर परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला सप्टेंबरात होते आणि नोंदणी बहुतेक ठिकाणी त्याआधीच्या उन्हाळ्यात संपते. सगळ्या इंग्लंडमध्ये अशा शाळा १६३ च आहेत. स्लाउमध्ये चार आहेत, पण कित्येक भागांत एकही नाही.

ओपन ईव्हनिंगला जाल तेव्हा हेडच्या भाषणापेक्षा प्रयोगशाळेत जास्त वेळ घालवा. आम्ही गेलो त्या शाळेत टेबलांवर बर्नरचे काळे डाग होते आणि भिंतीवर मुलांनी हाताने लिहिलेल्या चाचणीच्या चुका, खाली दुरुस्तीसकट. तिथून निघताना लेकीचा चेहरा सैल झालेला दिसला, माझाही.

बदल कधी करायचा

इयर टेन आणि इयर इलेव्हनमध्ये शाळा हलवणं टाळा. जीसीएसईची, म्हणजे इयर इलेव्हनच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेची मंडळं आणि निवडलेले विषय शाळेगणिक वेगळे असतात. मधेच गेलेलं मूल अर्धा अभ्यासक्रम पुन्हा करतं. ए-लेव्हलच्या दोन वर्षांच्या मध्येही तसंच. सोयीचे सांधे दोन, इयर सेव्हन आणि इयर ट्वेल्व्ह. आम्ही लेकीला सांगितलं की जीसीएसई होईपर्यंत इथेच, आणि सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे ए-लेव्हलच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी, सरकारी कॉलेजं बघू. तिने दोन प्रश्न विचारले, ते दोन्ही मैत्रिणींबद्दल होते.

शाळा सोडायचं ठरलंच तर आधी करारातलं नोटिशीचं कलम वाचा. बहुतेक शाळांना पूर्ण एका टर्मची लेखी नोटीस लागते, ती साधारणपणे आधीच्या टर्मच्या पहिल्या दिवसाच्या आत. एक दिवस उशीर झाला तरी एका टर्मची फी अंगावर येते. उन्हाळ्यानंतर जायचं नसेल तर नोटीस ईस्टरच्या सुट्टीतच द्यावी लागते, आणि नवी जागा हातात आल्याशिवाय ती देऊ नये. इयर इलेव्हननंतर मूल तिथे सिक्स्थ फॉर्मला थांबणार नसेल तरी कित्येक शाळा नोटीस मागतातच. ईमेल पाठवा, पोचल्याचं उत्तर मागून घ्या, आणि डिपॉझिट परत कधी मिळणार ते त्याच ईमेलमध्ये विचारा.